काकांच्या डब्यातली अमेरिकी नाणी: चूक टांकसाळीची की नंतरची?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे काका बरीच वर्षं डेट्रॉइटला नोकरीला होते. त्यांच्या माघारी बिस्किटाच्या एका डब्यात दीड-दोनशे अमेरिकी नाणी निघाली. त्यातली काही वेगळी दिसतात: १९४३ची तांबूस पेनी (एक सेंटचं नाणं), १९५५ची एक पेनी जिच्यावरचा शेवटचा पाच दुहेरी वाटतो, १९६९ची ‘एस’ खुणेची पेनी जिच्यावरची अक्षरंही दुहेरी वाटतात, पुढचा एक पाय नसलेल्या बायसनचं (अमेरिकी रानगव्याचं) १९३७चं निकल (पाच सेंटचं नाणं), कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं दुसरं एक निकल आणि दोन्ही बाजूंना वॉशिंग्टनचं डोकं असलेला क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं). व्हिडिओंमध्ये अशा नाण्यांचे भाव कोटींत सांगतात. एक गृहस्थ ‘विकून देतो’ म्हणतायत, पण आधी नोंदणी शुल्क मागतायत. ताईंना विचारायचंय, हे खरं किती आणि पुढे काय करायचं?

आधी त्या गृहस्थांचं. एक रुपयाही देऊ नका. खरा विक्रेता किंवा लिलावघर आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापून घेतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवेदन काढून सांगितलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी बँकेचं नाव वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत, बँक असल्या व्यवहारात पडत नाही. आधी पैसे मोजावे लागतात असं खरं काम एकच, ते म्हणजे नाणं प्रमाणित करून घेणं, म्हणजे ते अस्सल आहे का आणि कुठल्या अवस्थेत आहे हे तपासून बंद डबीत घालून घेणं. ते पैसेही त्या प्रमाणन कंपनीकडे थेट जातात, मधल्या कुणाच्या खात्यात नाही.

आता नाण्यांकडे वळू. मी इथे न्यू जर्सीत नाण्यांच्या व्यवहारात आहे आणि माझ्याकडे ‘एरर’ (टांकसाळीची चूक) म्हणून येणाऱ्या नाण्यांतली बहुतेक मार खाल्लेली असतात. कुणी वॉशरखाली दाबलेली, कुणी ड्रायरमध्ये फिरून कडा गोल झालेली, कुणी मुद्दाम घासलेली. म्हणून किमतीच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: हे टांकसाळीत होऊ शकतं का, आणि नेमकं कुठल्या पायरीवर? नाणं तयार होताना तीन गोष्टी एकत्र येतात. धातूची कोरी चकती, नक्षी उलटी कोरलेला पोलादी डाय आणि त्या दोघांची गाठ घालणारा प्रेसचा ठोका. खरी चूक या तिघांपैकी एकात बसलीच पाहिजे. जी कुठेच बसत नाही ती नंतरची.

दुसरी एक खूण बहुतेक वेळा उपयोगी पडते. डायवर जे खोलगट तेच नाण्यावर उठून येतं. डायला तडा गेला, ओरखडा पडला, टवका उडाला, तर नाण्यावर जास्तीचा धातू उठतो. उलट नाण्यावरचा खड्डा, चर किंवा खरवड सहसा नाणं बाहेर पडल्यावरची असते. अपवाद आहेत. ठोका बसताना मध्ये दोरा किंवा धातूचा कण आला तर खरा खळगा पडतो, डायवर ग्रीस साचलं तर एखादं अक्षर गायब होतं. पण सुरुवातीला ‘उठावदार की खोल?’ एवढं विचारलंत तरी निम्मा डबा बाजूला होईल.

भिंगाच्या आधी वजनकाटा आणा. ओळखीच्या सराफाकडे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतोच, अर्ध्या तासात सगळं उरकेल. ध्यानात ठेवायची वजनं फार नाहीत. जुनी ब्राँझची पेनी ३.११ ग्रॅम, १९४३ची पोलादी पेनी साधारण २.७, १९८२च्या मध्यापासूनची जस्ताची पेनी २.५. निकल ५ ग्रॅम. क्वार्टर १९६४पर्यंत चांदीचा, ६.२५ ग्रॅम; १९६५पासून तांबं-निकलच्या थरांचा, ५.६७ ग्रॅम. डाइम (दहा सेंट) चांदीचा असताना २.५, नंतर २.२७. एखादं नाणं त्याच्या वजनात बसत नसेल तरच डोकं खाजवायचं. ‘१९६५चा चांदीचा क्वार्टर’ घेऊन दर महिन्याला कुणीतरी येतं. काट्यावर ५.६७ आलं आणि कडेला तांब्याची रेघ दिसली की विषय तिथेच संपतो.

१९४३ची तांबूस पेनी

युद्धाला तांबं हवं होतं म्हणून त्या वर्षी फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही टांकसाळींनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेन्या पाडल्या, सुमारे १०९ कोटी. आदल्या वर्षीच्या काही ब्राँझ चकत्या यंत्रणेत कुठेतरी अडकून राहिल्या होत्या, त्यांवर १९४३चा ठसा बसला. अशा पेन्या तिन्ही टांकसाळींच्या मिळून वीसेकच ठाऊक आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या एका शाळकरी मुलाला १९४७ साली शाळेच्या कँटीनमध्ये सुट्ट्या पैशांत त्यातली एक मिळाली. त्याने ती आयुष्यभर सांभाळली आणि २०१९च्या लिलावात ती २ लाख ४ हजार डॉलरला गेली. डेन्व्हरची एकुलती एक ठाऊक पेनी २०१०मध्ये १७ लाख डॉलरला विकली गेली. मधल्या काळात अशीही अफवा होती की ही पेनी आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी गाडी देणार. हजारो लोकांनी गल्ले उपसले, गाडी कुणाला मिळाली नाही.

तर तुमच्या पेनीला पहिल्यांदा लोहचुंबक लावा. चिकटली तर ती पोलादी आहे आणि तिच्यावर कुणीतरी तांब्याचं पाणी चढवलंय. असली पेनी गमतीखातर पुष्कळांनी केली होती. चिकटली नाही तर वजन करा. ३.११च्या आसपास आलं तरी हुरळून जाऊ नका, कारण १९४८च्या पेनीचा आठ डावीकडून घासून तीन करणं ही फार जुनी हातचलाखी आहे. खऱ्या १९४३च्या तीनचं शेपूट लांब असतं, बाकीच्या आकड्यांच्या रेषेच्या बरंच खाली उतरतं. आठपासून बनवलेल्या तीनला तसं शेपूट येऊच शकत नाही. शेजारी एखादी साधी पोलादी १९४३ ठेवून दोन्ही तीन ताडून बघा. तिन्ही चाचण्यांत पेनी टिकली तर पुढचं पाऊल प्रमाणन कंपनीचं. तोवर ती कुणाच्या हातात देऊ नका, आणि तुमच्या आधी हजारो जण इथवर येऊन परत गेलेत हेही विसरू नका.

दुहेरी दिसणं किती प्रकारचं

लोक सर्वात जास्त इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डाय कसा बनायचा ते आधी बघा. नक्षीचा सुलटा मूळ ठसा, ज्याला हब म्हणतात, तो नरम केलेल्या पोलादात दाबायचे. एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे. मग डाय भट्टीत घालून पुन्हा नरम करायचे आणि पुन्हा दाबायचे. दुसऱ्या खेपेला हब केसभर फिरलेला असला की डायवरच नक्षी दोनदा कोरली जायची, आणि त्या डायने पाडलेलं प्रत्येक नाणं तसंच निघायचं. याला म्हणतात डबल्ड डाय. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एकाच दाबात डाय करायची पद्धत रुळली आणि ठळक दुहेरीपण जवळपास बंद झालं.

१९५५ची प्रसिद्ध पेनी याच प्रकारची. फिलाडेल्फियातली चूक ध्यानात आली तोवर साधारण २४ हजार पेन्या चांगल्या पेन्यांच्या ढिगात मिसळून गेल्या होत्या. त्या वेचण्यापेक्षा जाऊ द्या म्हणाले. पुष्कळशा सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती आल्या: यंत्रात क्वार्टर टाकायचा, पाकीट २३ सेंटचं, आणि उरलेल्या दोन पेन्या पाकिटाच्या सेलोफेनमध्येच असायच्या. ही पेनी ओळखायला भिंगही लागत नाही. साल, ‘लिबर्टी’ आणि वरचं ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे सगळं नुसत्या डोळ्यांना दोनदा लिहिलेलं दिसतं, लिंकनचा चेहरा मात्र साधा. टांकसाळीची खूण (‘डी’ डेन्व्हरची, ‘एस’ सॅन फ्रान्सिस्कोची) नसते. मागच्या बाजूला ‘सेंट’मधल्या टी अक्षराच्या डावीकडे बारीक उभ्या रेघा असतात. नकला ओळखताना या रेघा कामी येतात, कारण ही पेनी बनावटही भरपूर निघते. खरी असेल तर बरीच वापरलेलीही हजार डॉलरच्या आगेमागे जाते.

ताई, तुम्ही लिहिलंयत की फक्त शेवटचा पाच दुहेरी वाटतो. मग ती ही पेनी नव्हे. तो झिजलेल्या डायचा प्रकार आहे. डाय लाखो ठोके खाऊन कडेने पसरतो आणि आकड्याला पुसट सावली येते. १९५५मध्ये हे इतकं झालं की त्या नाण्याला ‘गरिबाचा डबल्ड डाय’ असं नाव पडलं. किंमत फार तर दोन-चार डॉलर.

तिसरा प्रकार ठोक्याचा. ठोका बसल्यावर डाय सैलपणामुळे किंचित सरकतो आणि आत्ताच उठलेलं अक्षर एका बाजूने चेपून जातो. यात अक्षराशेजारी चपटी, पायरीसारखी चकचकीत पट्टी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल्ड डायमध्ये उलटं: अक्षर जाड होतं, दोन्ही प्रती गोलसर उठलेल्या असतात आणि अक्षरांच्या टोकांना स्पष्ट खाच पडते. बाजारात दुहेरी म्हणून फिरणाऱ्या नाण्यांत बहुतेक या चपट्या पट्टीवालीच असतात. संग्राहक त्याला कवडीही देत नाहीत.

तुमची १९६९ची ‘एस’ पेनी इथे तपासा. अस्सल १९६९-एस डबल्ड डाय पेन्या मोजक्याच ठाऊक आहेत आणि पाच आकडी डॉलरला जातात. सुरुवातीला तर सीक्रेट सर्व्हिसने (बनावट पैशांचा तपास करणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) त्या बनावट समजून काही जप्तही केल्या होत्या. पण चपट्या दुहेरीपणाच्या १९६९-एस पेन्या पायलीला पन्नास मिळतात. फरक ओळखायला ‘एस’ अक्षरच बघा. त्या काळी टांकसाळीची खूण (मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर सालाखाली हिरा असतो तशी) प्रत्येक तयार डायवर माणूस हाताने ठोकायचा. हबच्या घोटाळ्याशी तिचा संबंधच नव्हता. म्हणून खऱ्या नाण्यावर साल आणि अक्षरं दुहेरी असतात आणि ‘एस’ एकेरी. तुमच्या पेनीवर ‘एस’सुद्धा दुहेरी असेल तर ठोक्याच्या वेळी सगळंच सरकलंय. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ‘एस’चा उल्लेख नाही, तेवढा बघून घ्या.

तीन पायांचा बायसन

१९३७मध्ये डेन्व्हरला एक डाय घासून साफ करताना कुणीतरी जरा जास्तच घासला. डायचा पृष्ठभाग खाली गेला आणि त्यावरची उथळ नक्षी पुसली गेली. त्यात बायसनचा पुढचा उजवा पाय गेला, खूर मात्र जागेवर राहिला. वापरलेल्या नाण्यालाही काही शे डॉलर मिळतात, म्हणून साध्या निकलचा पाय कानशीने काढून विकणारेही तितकेच जुने.

इथे उठाव आणि खोलाचा नियम चांगला लागू पडतो. खऱ्या नाण्यावर पोटाखालून जमिनीकडे बारीक उठावदार ठिपक्यांची ओळ उतरते, मागचा पायही कुरतडल्यासारखा बारीक झालेला असतो, आणि पाय जिथे नाही तिथला पृष्ठभाग आजूबाजूसारखाच सहज वाहतो. पाय कापून काढलेला असेल तर तिथे खोलगट खरवड, नाहीतर पॉलिश केल्याची वेगळी चमक राहते. सालाबरोबर ‘डी’ खूणही हवी. ती नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

बाकीची

कड गेलेल्या निकलचं सोपं आहे. पोळीतून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी गेली की पुरी एका बाजूने खाल्लेली निघते, चकत्या कापताना तेच होतं. अस्सल असेल तर गेलेल्या भागाच्या बरोबर समोरची उभी कड पुसट असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी समोरून दाब मिळत नाही. शिवाय तुकड्यालगतचा धातू आत ओढल्यासारखा निमुळता होतो. कात्रीने किंवा कानशीने काढलेल्या तुकड्याला यातलं काही नसतं. अस्सल असला तरी थोडकेच डॉलर, पण मला स्वतःला हे नाणं आवडतं. नवशिक्याला टांकसाळ समजावून सांगायला याच्यासारखं दुसरं नाही.

दोन डोक्यांचा क्वार्टर जादूच्या खेळाचा. एक नाणं आतून कोरून त्यात दुसऱ्याचा तासलेला अर्धा भाग बसवतात. आतल्या कडेलगत भिंगाखाली सांधा दिसेल, आणि टेबलावर टाकलंत तर आवाज बद्द येईल.

काकांच्या डब्यात १९८२च्या पेन्या असतील तर त्या तेवढ्या वेगळ्या काढून तोला. त्या वर्षी धातू मध्येच बदलला, सालाचे आकडेही मोठे आणि लहान असे दोन आकारांत आहेत, आणि डेन्व्हरची लहान आकड्यांची ब्राँझ पेनी २०१६पर्यंत कुणी पाहिलीच नव्हती. नंतरच्या जस्ताच्या पेन्यांवरचे फुगे ही मुलाम्याखालची खराबी, त्यांना भाव नाही.

किंमत कशी काढायची

दुर्मिळता म्हणजे किंमत असा समज आहे. तो निम्माच खरा. एखाद्या पेनीवर कानाच्या पाळीत सूक्ष्म दुहेरीपण असतं, जगात तशा दहाच ठाऊक असतात, आणि तरी ती वीस डॉलरला जाते, कारण ती बघायला भिंग लागतं आणि तिला शोधणारेही दहाच. १९५५च्या हजारो पेन्या बाजारात आहेत, तरी भाव टिकून आहे, कारण ती लांबून दिसते आणि पेनी जमवणाऱ्या प्रत्येकाला आपल्या अल्बममध्ये ती हवी असते. चूक डोळ्यांत भरणारी आहे का आणि तिला छापील दरपुस्तकात जागा आहे का, हे आधी बघावं. केंद्रातून सरकलेल्या ठोक्याच्या नाण्यांतही हेच: पाचेक टक्के सरकलेलं नाणं किरकोळ, पण निम्मं सरकून साल पूर्ण वाचता येणारं चांगल्या भावाचं.

दुसरी गोष्ट अवस्था. अमेरिकेत १ ते ७० अशी श्रेणी चालते आणि वरच्या टोकाला दोन-तीन अंकांच्या फरकाने किंमत अनेक पट होते. व्हिडिओत दाखवतात तो भाव बहुतेक वेळा त्या टोकाच्या नाण्याचा असतो. तांब्याच्या पेनीला रंगही मोजतात: मूळ लाली टिकलेली सर्वात महाग, मग लालसर-तपकिरी, मग तपकिरी.

आणि भाव विकलेल्या किमतींवरून काढा, मागितलेल्या किमतींवरून नाही. ईबेवर कुणीही साध्या पेनीला दहा लाख डॉलर लावू शकतं. तिथेच ‘विकलेल्या वस्तू’ वेगळ्या बघता येतात, मोठ्या लिलावघरांचे जुने निकालही खुले असतात. त्याच नाण्याच्या, त्याच अवस्थेच्या पाच-सहा विक्री सापडल्या तर मधला आकडा धरा. व्यापारी त्याखाली देणार, त्यालाही दुकान चालवायचंय.

प्रमाणनासाठी पीसीजीएस, एनजीसी आणि अनॅक्स ही विश्वासाची नावं. पण शुल्क, विमा आणि टपाल मिळून एका नाण्यामागे बराच खर्च येतो, त्यामुळे शे-दोनशे डॉलरच्या खालच्या नाण्यासाठी मी कुणालाही पाठवायला सांगत नाही. प्रमाणित डबीतलं नाणं विकत घ्यायची वेळ आली तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो ताडून बघा. हल्ली डब्याही बनावट येतात.

एक विनंती: काही धुऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नको. नाणं चकचकीत होतं, पण वरचा मूळ थर जातो आणि जाणकाराला ते पहिल्या नजरेत कळतं. शंभर डॉलरचं नाणं पाच मिनिटांत वीस डॉलरचं होतं. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतही ठेवू नका, पावसाळ्यात त्यांतून हिरवट चिकट थर चढतो.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की डब्यातलं फक्त तीन पायांचं निकल पुढे तपासण्यासारखं निघेल. १९४३ची पेनी चुंबकाला चिकटेल, १९६९चा ‘एस’ बहुधा दुहेरीच असेल. दोघांबद्दल माझं चुकलं तर मला आनंदच होईल. निकलचे दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात तिरप्या प्रकाशात काढा आणि वजन लिहून पाठवा.

पण त्याआधी एक काम करा. डब्यातले १९६४ आणि त्याआधीचे डाइम, क्वार्टर आणि अर्धे डॉलर वेगळे काढा. ती ९० टक्के चांदीची नाणी आहेत. दहा क्वार्टर म्हणजे ५६ ग्रॅमहून जास्त शुद्ध चांदी. १९६४चा केनेडी अर्धा डॉलरही त्यात धरा, तो १२.५ ग्रॅमचा असतो. १९४२ ते १९४५ची काही निकल ३५ टक्के चांदीची आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठं ‘पी’, ‘डी’ किंवा ‘एस’ असतं. काका साठीच्या दशकात तिथे गेले असतील तर अशी नाणी त्यांच्या हातात रोज पडत होती. बरेच लोक तेव्हा ती खर्च न करता बाजूला टाकायचे. सराफाकडे काटा मागायला जाल तेव्हा ही पिशवीही सोबत न्या.